इंग्रजी जोडक्रियापदें आणि मराठी बोलण्याची रीत

अंधेरीसारख्या उपनगरांतील एखाद्या घरीं रविवारच्या सकाळीं परदेशांतून दूरध्वनि येतो. पलीकडून नात बोलत असते. तिची मराठी स्वच्छ आहे, उच्चार नीट आहेत. आईबापांनीं त्याविषयीं पुष्कळ कष्ट घेतलेले आहेत. निरोप घेतांना ती म्हणते, 'आजी, मी तुला खूप मिस करते.' आजीला अर्थ कळतो. 'मिस' हा शब्द तिला परका नाहीं. सकाळची गाडी मिस झाली, असें तीहि सहज बोलून जाते. तरी दूरध्वनि खालीं ठेवल्यावर तिला क्षणभर वाटतें कीं, नातीनें मनांतलें सांगितलें खरें, परंतु त्यांतलें थोडें वाटेंत कोठें तरी सांडलें. तीच गोष्ट आजीला सांगावयाची असती, तर 'तुझ्यावांचून करमत नाहीं ग' असें ती म्हणाली असती.

दोन्ही वाक्यांचा कोशांतला अर्थ जवळजवळ एकच आहे. मग उणें पडलें तें काय? हा प्रश्न दिसतो तेवढा घरगुती नाहीं. त्याच्या बुडाशीं दोन भाषांच्या घडणींतला एक मोठा भेद आहे. तो ध्यानांत आला म्हणजे मराठी माणसाला इंग्रजी अवघड कां जाते हें कळतें, आणि इंग्रजी शिकतां शिकतां मराठी नेमकी कोठें झिजते हेंहि कळतें.

इंग्रजी शिकणाऱ्याला मोठे शब्द फारसे छळीत नाहींत. लॅटिन वळणाचे लांबलचक शब्द कोशांत सांपडतात, एकदां पाठ केले म्हणजे बहुधा दगा देत नाहींत. छळतात ते अगदीं लहान शब्द : गिव्ह, टेक, पुट, गेट, टर्न, लुक, आणि त्यांच्या शेपटीस चिकटणारे त्याहूनहि लहान शब्द : अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, आउट. 'गिव्ह' म्हणजे देणें आणि 'अप' म्हणजे वर, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणें नव्हे, तर नाद सोडणें किंवा हात टेकणें. 'पुट' म्हणजे ठेवणें; परंतु 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट अप' म्हणजे कोणाची उतरण्याची सोय करणें, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें, चालवून घेणें. पाहुण्याची सोय करणें आणि पाहुण्याला सोसणें यांच्यामध्यें इंग्रजींत एका एवढ्याशा शब्दाचें अंतर आहे. दोन्ही घटक ओळखीचे असून त्यांची जोडी मात्र अनोळखी, अशी ही स्थिति होय.

अशा जोडीला इंग्रजी व्याकरणांत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. मराठींत सोयीसाठीं जोडक्रियापद म्हणावें. हें इंग्रजी नांव तसें अलीकडचें आहे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'वर्ड्ज अँड इडियम्स' या पुस्तकांत तें वापरलें, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं तें सुचविल्याचें सांगितलें. अडचण मात्र नांवाहून पुष्कळ जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच मान्य केलें आहे कीं, क्रियापदाच्या मागून अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत अधिक अडखळविते. आणि म्हणून असे प्रयोग त्यांनीं मुद्दाम जपून नोंदले.

सगळ्याच परकीयांची अडचण सारखी नसते. आइसलँडची भाषा इंग्रजीची चुलत बहीण. तेथेंहि क्रियापदामागून लहान अव्यय येतें. आइसलँडचा माणूस हार मानण्याला 'गेवास्त उप्प' म्हणतो, म्हणजे जवळजवळ अक्षरशः 'गिव्ह अप'च. त्याला या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाहीं. परंतु चुलत नात्यांतहि फसगत होते. त्याच्या भाषेंतील 'ताका एफ्तिर' याचे घटक पाहिले तर ते इंग्रजी 'टेक आफ्टर'चेच आहेत. पण आइसलँडींत त्याचा अर्थ ध्यानांत येणें, लक्ष जाणें असा होतो, आणि इंग्रजींत आईबापांच्या वळणावर जाणें असा होतो. सारखा सांचा असला तरी त्यांतून निघणारी मूर्ति सारखी असेलच असें नाहीं, एवढें या उदाहरणावरून दिसतें.

मराठीचें नातें याहून दूरचें आहे. तरी हा प्रकार आपल्या पूर्वजभाषेला अगदींच अपरिचित होता असें नाहीं. संस्कृतांत 'हृ' या एका धातूला निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार असे शब्द होतात. मारणें, जेवणें, हिंडणें, नाश करणें आणि निवारण करणें, एवढे दूरदूरचे अर्थ एकाच धातूंतून निघतात. वेदकालीन भाषेंत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा होऊन वाक्यांत दूर उभा राहूं शकत असे. इंग्रजींतील 'अप' आणि 'ऑफ' आज राहतात तसाच. मराठीच्या वाट्याला हे शब्द तयार स्थितींत आले. परंतु रोजच्या बोलण्यांत उपसर्ग लावून नवीं क्रियापदें घडविण्याची सोय मराठींत उरली नाहीं. 'खाणें' या क्रियापदाला 'प्र' लावून कोणी 'प्रखाणें' म्हणत नाहीं. तेव्हां इंग्रजी जें काम 'अप' आणि 'ऑफ' यांच्याकडून करून घेते, तें मराठी कोणाकडून करून घेते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचें पहिलें उत्तर असें कीं, इंग्रजी जेथें एका सामान्य क्रियापदाला शेपूट जोडते, तेथें मराठींत बहुधा त्या त्या कामाचा स्वतंत्र शब्द असतो. पावसाचेंच उदाहरण घेतलें तरी पुरे. पाऊस न थांबतां पडूं लागला तर इंग्रज 'सेट इन' म्हणतो. मराठी माणूस 'पाऊस लागून राहिला' म्हणतो. थोडा वेळ थांबला तर 'लेट अप'. मराठींत 'उघडीप मिळाली'. यावयाचा तो आला नाहीं तर 'होल्ड ऑफ'. मराठींत 'पावसानें ओढ दिली', आणि रागच आला असेल तर 'दडी मारली'. आकाश ढगांनीं झाकलें तर 'क्लाउड ओव्हर'. मराठींत 'आभाळ भरून आलें'. जोर कमी झाला तर 'ईझ ऑफ', मराठींत 'ओसरला'. गटारांचें पाणी मागें फिरलें तर 'बॅक अप', मराठींत 'तुंबलें'. अंधेरीचा भुयारी मार्ग ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना हा शेवटचा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं शेजारच्या सांताक्रूझ येथील वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. त्या दिवसाचें वर्णन इंग्रजी म्हणीप्रमाणें आकाशांतून कुत्रींमांजरें पडल्याचें सांगून झालें नसतें. त्याला मुसळधार हाच शब्द हवा, कारण उखळांतलें मुसळ ज्यानें पाहिलें आहे त्याला त्या धारेची जाडी आणि तिचा आघात एका शब्दांत कळतो.

माणसांच्या वागण्याविषयींहि हेंच दिसतें. 'फॉल आउट' याला मराठींत बिनसणें, 'मेक अप' याला दिलजमाई होणें, 'गेट ऑन विथ' याला पटणें, 'ड्रॉप इन' याला डोकावून जाणें. अपराध करून कोणी सहीसलामत सुटला, तर इंग्रजी 'गेट अवे विथ' असे तीन शब्द खर्च करते. मराठी म्हणते, 'त्याला तें पचलें.' दोन तास उशिरां येणाऱ्या गृहस्थाबद्दल इंग्रज 'टर्न्ड अप' म्हणतो व त्यांत राग किंवा थट्टा आणावयाची तर ती आवाजांत आणतो. मराठी घरांत 'आतां उगवलास होय?' असें विचारलें जातें, आणि राग, थट्टा व वाट पाहून झालेला कंटाळा हीं तिन्ही त्या एका क्रियापदांत बसतात.

दुसरें उत्तर याहून सूक्ष्म आहे. मराठी एका क्रियापदाला दुसरें क्रियापद जोडते. खाऊन टाकणें, बोलून जाणें, करून बसणें, हे सारे त्याच जातीचे प्रयोग. यांना संयुक्त क्रियापद म्हणावें कीं नाहीं, म्हटल्यास कोणत्या प्रयोगांना म्हणावें, यावर व्याकरणकारांनीं पुष्कळ खल केलेला आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथांतहि त्याचा विस्तृत विचार आला आहे. नांवाचा वाद बाजूला ठेवून एकट्या 'लिहिणें' या क्रियापदाचा संसार पाहण्यासारखा आहे.

दुसरा सांगतो तें आपल्यासाठीं उतरविणें म्हणजे लिहून घेणें. इंग्रजींत 'टेक डाउन'. पुढें उपयोगीं पडेल म्हणून नोंदणें म्हणजे लिहून ठेवणें; इंग्रजींत 'राइट डाउन'. आरंभापासून शेवटापर्यंत सबंध लिहिणें म्हणजे लिहून काढणें. इंग्रजींत 'राइट आउट'. एकदांचें उरकणें म्हणजे लिहून टाकणें. इंग्रजींत 'डॅश ऑफ'. येथपर्यंत दोन्ही भाषा बरोबरीनें चालतात. पुढें मात्र इंग्रजी मागें राहते. लिहून देणें म्हणजे आपला शब्द दुसऱ्याच्या हातीं लेखी ठेवणें. त्यांत बंधन आलें. लिहून जाणें म्हणजे भरांत, नकळत लिहिणें. आणि लिहून बसणें म्हणजे लिहूं नये तें लिहिणें आणि मग कपाळाला हात लावणें. या शेवटच्या प्रयोगासाठीं इंग्रजींत एकहि अव्यय तयार नाहीं. तेथें वेगळें वाक्यच रचावें लागतें.

येथें दोन्ही भाषांचा स्वभाव उघड होतो. इंग्रजी अव्यय मुख्यतः क्रियेची दिशा सांगतें : वर, खालीं, बाहेर, दूर, त्या दिशेवरूनच पुढें पूर्णता, समाप्ति, सुटका असे अर्थ निघतात. मराठीचें दुसरें क्रियापद क्रियेचें माणसाशीं असलेलें नातें सांगतें. 'घेणें' आलें तर काम आपल्यासाठीं झालें. 'देणें' आलें तर दुसऱ्यासाठीं. 'ठेवणें' आलें तर उद्याची तरतूद. 'टाकणें' आलें तर डोक्यावरचें ओझें उतरलें. 'बसणें' आलें तर पश्चात्ताप किंवा दोष. एखाद्या तरुणानें आईला सांभाळण्यासाठीं नोकरी सोडली. इंग्रजींत त्यानें ती 'गिव्ह अप' केली, एवढेंच सर्वजण म्हणतील. मराठींत त्याचा मित्र म्हणेल, 'त्यानें नोकरी सोडून दिली'. आणि नाराज झालेला मामा म्हणेल, 'पोरगा चांगली नोकरी सोडून बसला.' घटना तीच. परंतु कोण बोलतो आहे आणि त्याला त्याविषयीं काय वाटतें, हें त्या दुसऱ्या क्रियापदानें सांगून टाकलें. भाषांतर करणाऱ्याच्या हातून बहुधा निसटतो तो हाच भाग.

तेव्हां इंग्रजी जोडक्रियापद मराठींत आणावयाचें असेल, तर 'अप' म्हणजे काय आणि 'ऑफ' म्हणजे काय, हें शोधीत बसण्यांत लाभ नाहीं. काम कोणी केलें, कोणासाठीं केलें, आणि तें व्हावें असें वाटत होतें कीं नव्हतें, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे मराठी शब्द बहुधा आपण होऊन जिभेवर येतो. व्यापारी 'राइट ऑफ' म्हणतो तेव्हां रक्कम बुडीत खातीं जाते. परंतु ती रक्कम स्वतःच्याच भोळेपणानें गेली असेल, तर तीच अक्कलखातीं जमा होते. इंग्रजींत शब्द एकच. मराठींत कोणतें खातें काढावयाचें, हें चूक कोणाची यावर ठरतें.

मराठी ही सोपी आणि इंग्रजी तेवढी अवघड, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'लागणें' हें एक क्रियापद पुरेसें आहे. तहान लागते, आग लागते, ठेंच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो. दिवे लागतात ते संध्याकाळीं. डोळा लागतो तो झोप येतांना. बोलणें लागतें तें मनाला. गाडी फलाटाला लागते, आणि घाटांत तीच गाडी माणसाला लागते. इंग्रज मनुष्य या एका शब्दापुढें तसाच गोंधळून उभा राहतो, जसा मराठी विद्यार्थी 'गेट' या शब्दापुढें. प्रत्येक भाषेनें आपलें गूढ आपल्या सर्वांत साध्या शब्दांत ठेवलेलें असतें.

वाक्प्रचारांची गोष्ट आणखी निराळी. कांहीं ठिकाणीं दोन्ही भाषा एकाच चित्रावर येऊन थांबल्या आहेत : डोळ्यांत धूळ फेकणें आणि पाठ थोपटणें हीं इंग्रजींतहि जशींच्या तशीं आहेत. कांहीं ठिकाणीं चित्र वेगळें, पण अर्थ एक : पाहूनहि न पाहिल्यासारखें करणें याला इंग्रजींत आंधळा डोळा फिरविणें म्हणतात, व १८०१ सालच्या कोपनहेगनच्या लढाईंत नेल्सननें आपल्या अधू डोळ्याला दुर्बीण लावल्याची कथा त्याला जोडतात, मराठींत त्याला कानाडोळा करणें म्हणतात. परंतु सर्वांत घातक जागा म्हणजे जेथें चित्र तेंच असून अर्थ पालटतो. इंग्रजींत कोणाचा पाय ओढणें म्हणजे निरुपद्रवी थट्टा करणें, मराठींतलें फिरकी घेणें. मराठींत पाय ओढणें म्हणजे वर चढणाऱ्याला खालीं खेंचणें. इंग्रज साहेबानें हंसत हंसत सांगितलें कीं, कचेरींतले सोबती त्याचा पाय ओढतात, आणि तें कोणी शब्दशः मराठींत आणलें, तर एका खेळकर मंडळीचा हेवेखोर कंपू होऊन बसेल.

ही फसगत उलट दिशेनेंहि होते. अंधेरीला आगगाडींतून बाहेर पडणारा मराठी माणूस इंग्रजी बोलतांना 'गेट डाउन' म्हणतो. इंग्लंडांतला माणूस तेथें 'गेट ऑफ' म्हणेल. 'डाउन' हा शब्द कोठून आला, हें सांगावयास नको. 'उतरणें' या क्रियेंत खालीं येणें आहे, आणि मराठी डोक्यानें तें इंग्रजींत नेलें. हिंदुस्थानांतील इतर भाषांच्या लोकांनींहि तेंच केलें. आतां हा प्रयोग येथील इंग्रजींत इतका मुरला आहे कीं, त्याला चूक म्हणण्यापेक्षां या देशाची खूण म्हणणें अधिक न्यायाचें होईल.

या दोन भाषांची जुळणी लावण्याचें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें गेलें तें एकोणिसाव्या शतकांत. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि सुमारें साठ हजार शब्दांची त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. या कामांत जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधु आणि अनेक मराठी शास्त्री सहभागी होते. इंग्रजी-मराठी कोशाचा आरंभ मोल्सवर्थ यांनीं केला. तो टॉमस कँडी यांनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. मोल्सवर्थच्या कोशांत हात, तोंड, डोळा, पोट असे शब्द काढून पाहावेत. शब्दाचा अर्थ दोन ओळींत संपतो, आणि पुढें वाक्प्रचारांची रांग लागते. घरांतल्या शब्दांत भाषा किती सांठलेली असते, हें त्या परक्या माणसानें ओळखलें होतें. पुढें यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनीं १९३२ पासून १९३८ पर्यंत 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढले. आणि तेवढ्यानें न थांबतां केवळ वाक्प्रचारांसाठीं 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' वेगळा सिद्ध केला. शब्द गोळा केले म्हणजे भाषा गोळा झाली असें होत नाहीं. शब्द एकमेकांशीं कसे नांदतात, हें वेगळें नोंदावें लागतें, हीच समजूत त्यामागें होती.

आतां प्रश्न उरतो तो आजच्या बोलण्याचा. इंग्रजी शब्द मराठींत येतात याचा संताप करण्याची प्रथा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालीं सुरू झाली, तेव्हांहि मराठीच्या स्थितीची चिंता होतीच. परंतु सगळे इंग्रजी ठसे सारखे नसतात. एखाद्या विषयावर प्रकाश टाकणें हा प्रयोग इंग्रजी वळणाचा आहे; तो मराठींत बसला, आणि त्यानें कोणाची जागा हिरावून घेतली नाहीं. उलट 'टेक युअर टाइम' याचें 'आपला वेळ घ्या' झालें, तेव्हां 'सावकाश होऊं द्या' हा प्रयोग मागें सरला. पंगतींत यजमान 'सावकाश जेवा' म्हणतो, त्या 'सावकाश' शब्दांतला आग्रह आणि आदर 'वेळ घ्या' यांत नाहीं. गाडी आणि फलाट यांच्यामधील अंतराकडे लक्ष देण्याची सूचना रेल्वेंत ऐकूं येते. वाक्य शुद्ध आहे. परंतु बोट धरलेल्या नातवाला आजी 'अंतराकडे लक्ष दे' असें कधीं म्हणत नाहीं. ती म्हणते, 'जपून उतर.' सूचनेंत फट दिसते. आजीच्या बोलण्यांत नातू दिसतो.

आनंदाची गोष्ट अशी कीं, मराठीचें यंत्र अजून बंद पडलेलें नाहीं. इंग्रजी शाळेंत जाणारीं, अर्धे शब्द इंग्रजी बोलणारीं मुलें पाहावींत. तीं म्हणतात, 'तो फोटो डिलीट करून टाक', 'तिकीट बुक करून ठेव', 'पुस्तक डाउनलोड करून घे', 'मी चुकून सेंड करून बसलो'. शब्द इंग्रजी झाले. पण टाकणें, ठेवणें, घेणें आणि बसणें यांनीं आपली जागा सोडलेली नाहीं. त्या मुलांना हा नियम कोणी शिकविला नाहीं. घरांत कानांवर पडला, म्हणून तो त्यांना आला. व्याकरण असें जीव धरून असतें. परंतु जे शब्द कानांवर पडत नाहींत, ते मात्र जातात. 'जपणें' बोललें गेलें नाहीं तर जाईल, 'बिनसणें' जाईल, बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणण्यांतली आणि घराबाहेर पडतांना 'जातो' न म्हणतां 'येतो' म्हणण्यांतली माया जाईल.

आणि 'करमणें' जाईल. तेथें पहिल्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. इंग्रजींत 'आय मिस यू' म्हणणारा कर्ता असतो. तो कांहीं करतो, आणि ज्याच्याविषयीं करतो तो कर्म होतो. मराठींत मनाच्या गोष्टी माणूस करीत नाहीं. त्या त्याच्याकडे येतात. त्याला राग येतो, झोंप येते, आठवण येते. त्याला भूक लागते, हुरहुर लागते. त्याला करमत नाहीं. वाक्यांतला माणूस नम्रपणें बाजूला उभा राहतो आणि भावना पुढें येते. 'मी तुला मिस करते' या वाक्यांत परका शब्द 'मिस' हा आहे, असें वाटतें. पण खरा परकेपणा 'करते' या अस्सल मराठी शब्दांत आहे. नातीनें आठवणीचें एक काम करून टाकलें, आणि आजीच्या भाषेंत आठवण हें काम नसतें.

योगायोग असा कीं, इंग्रजीच्या या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठींत एकाच धातूवर येऊन मिळतात. गाडी हातची गेली तर ती 'चुकते'. आणि जवळचें माणूस दूर गेलें म्हणजे घरांत 'चुकल्याचुकल्यासारखें' वाटतें. भरलेल्या घरांत कांहीं तरी जागेवर नाहीं, काय तें सांगतां येत नाहीं, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दांत आहे. नातीला तो शिकवावयास कोश नको. पुढच्या रविवारीं आजीनें आपण होऊन म्हणावें, 'तूं गेल्यापासून चुकल्याचुकल्यासारखें होतें ग.' दोन-चार रविवार तें कानांवर पडलें म्हणजे पलीकडून तोच शब्द परत येईल.